पासष्टाव्या वर्षाची सीमारेषा : ऑस्ट्रेलियातील अपंगत्व-साहाय्याच्या इतिहासातील एक प्रकरण

ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०१३ साली राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेचा कायदा संमत केला. गंभीर व कायमचे अपंगत्व असलेल्या व्यक्तीस तिच्या गरजेप्रमाणे सार्वजनिक निधीतून साहाय्य मिळावे, हे या कायद्याचे मूलतत्त्व होय. साहाय्य देताना अर्जदाराचे उत्पन्न वा मालमत्ता विचारात घ्यावयाची नाही, इतका त्याचा आशय उदार होता. तथापि याच कायद्याच्या बाविसाव्या कलमाने एक अट घातली : अर्ज करतेवेळी व्यक्तीचे वय ६५ वर्षांहून कमी असले पाहिजे. ही संख्या कोठून आली, आणि एका प्रयोजनासाठी आखलेली सीमा दुसऱ्या प्रयोजनास लावल्याने काय घडले, याचा विचार उद्बोधक ठरतो.

या संख्येचे मूळ १९०८ च्या अपंग व वृद्ध निवृत्तिवेतन कायद्यात सापडते. या कायद्यान्वये जुलै १९०९ पासून ६५ वर्षांवरील व्यक्तींना वृद्ध-निवृत्तिवेतन मिळू लागले. डिसेंबर १९१० मध्ये स्त्रियांसाठी ही वयोमर्यादा ६० वर आणण्यात आली, आणि त्याच महिन्यात कायमच्या अपंगांचे निवृत्तिवेतनही सुरू झाले. दोहोंची कमाल रक्कम वर्षास २६ पौंड, म्हणजे एकच होती. बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई हा दोहोंचाही हेतू असल्याने, पासष्टी ओलांडताना वेतनाचे नाव बदलले तरी हाती येणारी रक्कम घटण्याचे कारण नव्हते. त्याच कायद्याने वंशाचीही रेषा आखली होती व ऑस्ट्रेलियाबाहेर जन्मलेल्या आशियाई लोकांना वगळले होते. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या रहिवाशांपुरती ती रेषा १९२६ साली पुसली गेली. वयाची रेषा मात्र टिकली, आणि पुढे शतकभरात राज्यकारभाराच्या अंगवळणी पडली.

२०११ साली या रेषेस नवे महत्त्व आले. त्या वर्षी उत्पादकता आयोगाने दोन मोठे अहवाल सादर केले : एक वृद्धसेवेविषयी, दुसरा अपंगत्व-साहाय्याविषयी. दुसऱ्या अहवालाची शिफारस अशी होती की, निवृत्तिवेतनाच्या वयापूर्वी योजनेत आलेल्या व्यक्तीस पुढेही तीतच राहण्याची मुभा असावी. परंतु त्या वयानंतर ज्यांना अपंगत्व येईल त्यांची व्यवस्था वृद्धसेवेने पाहावी. त्याच वर्षीच्या आरोग्यविषयक करारानुसार बहुतेक राज्यांत ६५ वर्षांवरील व्यक्तींच्या सेवेचा भार संघसरकारने व त्याखालील वयाच्या व्यक्तींच्या सेवेचा भार राज्यांनी उचलावा असे ठरले. आदिवासी व टॉरेस सामुद्रधुनीतील बेटवासी यांच्यासाठी ही सीमा ५० वर्षांची होती. अशा रीतीने निवृत्तीचे वय हे दोन खजिन्यांमधील कुंपणही झाले.

या व्यवस्थेच्या बाजूने काही म्हणता येत नाही असे नाही. वार्धक्यातील दुर्बलता बहुतेकांच्या वाट्यास येते. तिचा सर्व भार विमायोजनेवर टाकल्यास योजना पेलवणार नाही, हा युक्तिवाद निराधार नव्हे. परंतु तो ज्यांना वार्धक्यामुळे अपंगत्व आले त्यांच्यापुरताच खरा आहे. कायद्याने पाहिले ते अर्जाच्या दिवशीचे वय. अपंगत्व केव्हा आले हे पाहिले नाही. ऑस्ट्रेलियात १९३७–३८ साली पोलिओची मोठी साथ आली होती, आणि प्रतिबंधक लस तेथे १९५६ साली आली. १९३७–३८ च्या साथीत सापडलेली अर्भकेही २०१३ साली पंचाहत्तरीच्या घरात होती. जन्मभर कुबड्यांच्या आधाराने चाललेल्या, आणि उतारवयात स्नायू पुन्हा दुर्बळ होऊ लागल्याने अधिक परावलंबी झालेल्या या माणसांना नवी योजना आली त्या दिवशीच बंद होती.

योजना सर्वत्र एकाच वेळी सुरू न झाल्याने विसंगती अधिकच वाढली. जिलाँग शहराच्या परिसरातील बारवन विभागात ती जुलै २०१३ मध्ये, तर ब्रिस्बेनमध्ये जुलै २०१८ मध्ये सुरू झाली. १९५१ साली जन्मलेले, सारख्याच अपंगत्वाचे दोन इसम घेतले तर बारवनचा रहिवासी योजनेत येऊन पासष्टीनंतरही तीत राहू शकला. ब्रिस्बेनच्या रहिवाशाची पासष्टी मात्र योजना दारी येण्यापूर्वीच उलटली. त्याच्यासाठी उरली ती वृद्धसेवा, जिच्या अनुदानास ठराविक मर्यादा असून जिच्यात ऐपतीप्रमाणे वर्गणीही द्यावी लागते. योजनेच्या खर्चासाठी २०१४ साली मेडिकेअर कर दीड टक्क्यावरून दोन टक्के करण्यात आला. पासष्टीपुढील करदात्यांना त्यातून वगळलेले नव्हते.

पुढे निवृत्तीचे वय २०१७ पासून टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन २०२३ साली ६७ झाले. योजनेची सीमा मात्र ६५ वरच राहिली. म्हणजे ज्या आधारावर ती उभी होती तो आधारच सरकला. राज्यांच्या जुन्या सेवा घेत असलेल्या वृद्ध अपंगांसाठी २०१६ साली संघसरकारने वेगळी तरतूद केली व २०२१ मध्ये तिच्या जागी दुसरी योजना आणली. परंतु नव्या अर्जदारांना तिचा उपयोग नव्हता. वृद्धसेवेच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनने मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात अशी शिफारस केली की, वृद्धसेवेतील अपंग व्यक्तीस, तिचे अपंगत्व केव्हाही आलेले असो, पासष्टीखालील व्यक्तीस मिळते त्या तोडीचे साहाय्य जुलै २०२४ पर्यंत मिळावे. ती मुदत उलटून गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये वृद्धसेवेचा नवा कायदा अमलात आला, तरी विमायोजनेच्या दारावरील वयाची अट हटली नाही.

१९०८ मध्ये प्रश्न होता तो माणसाने किती वर्षे कमवावे याचा. २०१३ मध्ये प्रश्न होता तो त्याला उठण्या-बसण्यास, स्नानास, घराबाहेर पडण्यास कोणाचा हात लागतो याचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वयाने देता येते. दुसऱ्याचे देता येत नाही. तरीही पहिल्याचे उत्तर दुसऱ्यास लावले गेले, आणि त्याची किंमत ज्यांनी अपंगत्वाशी सर्वांत दीर्घकाळ झुंज दिली त्यांनाच सर्वांत अधिक मोजावी लागली.