ठिपके, रेघ आणि पाऊस

यंदा मृगाचे वाहन कोणते, हा प्रश्न आपल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आहे. हत्ती, म्हैस किंवा बेडूक निघाला की मंडळी खूष. गाढव निघाले की चेहरे उतरतात. ह्या चालीची टिंगल करावी असा माझा हेतू नाही. शेतकऱ्याला आषाढात काय होणार ते वैशाखातच कळायला हवे असते, आणि ज्याच्या घरात बियाणे आणि सावकाराची चिठ्ठी शेजारीशेजारी असतात त्याने कोणत्याही खुणेला धरून राहावे, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. मला नवल वाटते ते एवढेच, की पन्नास वर्षांची वाहने एका बाजूला आणि पन्नास वर्षांचा पाऊस दुसऱ्या बाजूला मांडून, दोहोंचे खरोखर काही नाते आहे काय, हे पाहण्याची बुद्धी आपल्यापैकी कोणाला फारशी झाली नाही.

अशी मांडामांड करण्याची एक साधी रीत आहे. चौकटीचा कागद घ्यावा. आडव्या रेषेवर एक गोष्ट मोजावी, उभ्या रेषेवर दुसरी, आणि प्रत्येक वर्षासाठी एकच ठिपका द्यावा. ठिपके डावीकडून उजवीकडे चढत गेले तर एकीबरोबर दुसरी वाढते. उतरत गेले तर एक वाढली की दुसरी घटते. आणि ताटात मोहरी सांडावी तसे सगळीकडे पसरले तर दोघींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही. मग त्या ठिपक्यांच्या गर्दीतून, कोणाचाच फार पक्षपात न करता, एक सरळ रेघ काढावी. ती रेघ म्हणजे नात्याचा कल. वर्गात मुलांची उंची आणि त्यांच्या ढांगेची लांबी घेऊन मी हा खेळ दरवर्षी मांडतो. गणिताचा कंटाळा असलेली पोरेही ‘माझा ठिपका कोठे?’ म्हणून फळ्याशी गर्दी करतात.

ह्या रेघेला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली ती फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाने. हा डार्विनचा नातलग, १८२२ साली जन्मलेला, पैशाने सुखी आणि मोजण्याचे विलक्षण वेड असलेला. १८७५ साली त्याने वाटाण्याच्या जातीच्या एका फुलझाडाचे बी आकारवारीने सात भागांत वाटून मित्रांकडे पेरायला धाडले. त्यांत डार्विनही होता. मोठ्या बियांची संतती मोठी निघाली खरी, पण आईबापांइतकी मोठी नव्हे. पुढे त्याने माणसांकडे मोर्चा वळवला. बक्षिसे लावून त्याने घराण्यांच्या नोंदी गोळा केल्या आणि २०५ कुटुंबांतील ९२८ वाढत्या वयापलीकडच्या मुलामुलींच्या उंचीचा तक्ता मांडला. बायकांची उंची पुरुषांच्या मापाला आणण्यासाठी तो तिला १.०८ ने गुणी. सर्वसाधारण उंची निघाली ६८¼ इंच. परंतु ज्या आईबापांची सरासरी ७२ इंच, त्यांची मुले सरासरीने ७०¾ इंचांच्या आसपास. म्हणजे वडीलधाऱ्यांचे जेवढे वेगळेपण, त्याचे दोनतृतीयांशच मुलांत उतरते. बाकीचे मध्याकडे परत फिरते. ह्या ‘परत फिरण्या’ला त्याने रिग्रेशन म्हटले, आणि ठिपक्यांतून काढलेल्या रेघेला ते नाव आजतागायत चिकटून आहे. रॅम्सगेटजवळच्या एका आडबाजूच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत असताना वहीतला तक्ता न्याहाळता न्याहाळता त्यातले सारखे आकडे लंबवर्तुळांत बसतात, हे आपल्या ध्यानात आले, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. (ह्याच गाल्टनने माणसांची निवडक पैदास करण्याचे ‘युजेनिक्स’ नावाचे खूळ १८८३ साली जगाच्या गळ्यात बांधले. रेघ चांगली होती. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष पुढे फार जणांना भोवला.) १८९६ साली कार्ल पिअर्सनने नात्याचा घट्टपणा एका आकड्यात सांगण्याचे सूत्र बसवले. ठिपके रेघेवर तंतोतंत बसले तर एक, उलट्या उतारावर बसले तर उणे एक, आणि मोहरी सांडलेली असली तर शून्य.

विलायतेतल्या उंचीच्या गोष्टीत कोणाचे पोट अडकलेले नव्हते. आपल्याकडे होते.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दख्खन उद्ध्वस्त केले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हकीकत गोळा करून सरकारपुढे ठेवली, ती ह्याच काळात. हवामान खाते नुकतेच, १८७५ साली, स्थापन झालेले. त्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. त्याच्या ध्यानात आले, की हिमालयात उशिरापर्यंत बर्फ फार साचले तर पुढचा पावसाळा अशक्त निघतो. बर्फ वितळवण्यात उन्हाची शक्ती खर्च होते, जमीन तापत नाही, आणि समुद्रावरचे वारे ओढले जात नाहीत, असा त्याचा विचार. १८८४ साली त्याने तो प्रसिद्ध केला आणि १८८६ सालापासून पावसाचा अंदाज रीतसर निघू लागला. पण ठिपके हाताच्या बोटांवर मोजण्याइतके! त्याच्यामागून आलेल्या जॉन एलियटने अंदाजात आणखी कितीतरी गोष्टी गुंफल्या, आणि १८९९ साली पाऊस चांगला होईल असे सांगितले. प्रत्यक्षात आला तो भीषण दुष्काळ. विक्रम संवत् १९५६ वरून गुजरात-राजस्थानात त्याला ‘छप्पनिया’ म्हणतात. वर्तमानपत्रे एवढी तुटून पडली, की पुढे काही वर्षे सरकारने अंदाज गुप्तच ठेवले.

१९०४ साली ह्या खात्यावर आला गिल्बर्ट वॉकर. हा केंब्रिजचा सीनियर रँग्लर. बूमरँग कसे फिरून येते ह्याच्या अभ्यासापायी मित्र त्याला ‘बूमरँग वॉकर’ म्हणत. हवामानाचे शिक्षण म्हणाल तर शून्य. माझ्या मते हेच त्याच्या पथ्यावर पडले. पाऊस का पडतो ह्याची मोठमोठी उपपत्ती सांगत बसण्याऐवजी त्याने जगभरच्या नोंदी मागवल्या, आणि हाताखालच्या कारकुनांकडून एकेका जोडीचे नाते आकड्यांत काढायला सुरुवात केली. त्याच्या १९०९ च्या समीकरणात हिमालयाचे बर्फ होतेच. शिवाय दक्षिण अमेरिकेतील हवेचा दाब, मॉरिशसचा दाब आणि झांजिबारचा पाऊस! झांजिबारला पाऊस पडला तर आपल्या ज्वारीचे काय, असे कोणीही विचारील. पण वॉकर विचारी तो प्रश्न वेगळा: इतक्या वर्षांत हे दोन्ही बरोबर हलले काय?

ह्यातला धोकाही त्याने ओळखला होता, आणि मला तो थोर वाटतो तो ह्यामुळे. शंभर जोड्या तपासल्या तर त्यांतल्या दोनचार योगायोगानेच रेघेवर बसणार. त्यांनाच उचलून ‘सापडले’ म्हणणे ही फसवणूक होय. किती घट्ट नाते खरे मानावे ह्याची कसोटी त्याने १९१४ साली मांडली. (रामानुजनची वही पाहून मद्रास विद्यापीठाला १९१३ साली शिफारसपत्र लिहिणारा वॉकर तो हाच. खऱ्या आणि खोट्या आकड्यांची पारख त्याला होती.)

ह्या खटाटोपातून त्याच्या हाती एक मोठी गोष्ट लागली. प्रशांत महासागरावरचा दाब चढला की हिंदी महासागरावरचा उतरतो, आणि उलट. जणू तराजूची दोन पारडी. १९२४ साली तो निवृत्त झाला तोवर त्याने ह्या झोक्याला ‘सदर्न ऑसिलेशन’ हे नाव दिले होते. त्याचे कारण त्याला सांगता आले नाही. ते १९६९ साली बियर्कनेसने सांगितले. समुद्राच्या पाण्याचे तापणे आणि ‘एल निनो’ ह्यांच्याशी त्याने हा झोका जोडला, आणि त्या वाऱ्यांच्या चक्राला वॉकरचेच नाव दिले.

१९२८ साली हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. मुख्य कार्यालय १९४४ साली दिल्लीला गेले; नाव मात्र बसथांब्यासकट राहिले.

वॉकरची नाती मात्र तशी टिकली नाहीत. दशके उलटली तशी काही सैल झाली, आणि ज्या रेघा त्याच्या काळात भरवशाच्या होत्या त्यांच्याभोवतीचे ठिपके पांगले. १९८८ साली आपल्या वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने सोळा घटकांचे नवे समीकरण आले, आणि पुढे सलग वर्षे पाऊस मोठासा चुकला नाही. मध्यंतरी १९९७ उगवले. एल निनो शतकातल्या सर्वांत जोरकसांपैकी, म्हणजे रेघेप्रमाणे दुष्काळच यायचा. पण पाऊस सरासरीपेक्षा थोडा अधिकच झाला. तो ठिपका कागदावर एकटाच वर उभा आहे. आणि २००२ साली, समीकरण ‘नेहमीसारखा पाऊस’ म्हणत असता, तो सरासरीच्या ८१ टक्केच झाला. दुसऱ्याच वर्षी ते समीकरण बाजूला ठेवून नवे आणावे लागले.

आता समुद्र आणि आकाश ह्यांची गणिते संगणकावर चालवून, अनेक प्रतिमानांची मते एकत्र करून अंदाज काढतात. त्याचे बरेचसे काम पुण्यातच होते. परंतु त्या प्रतिमानांना किती मानायचे हे ठरवायची वेळ आली, की तीही गेल्या वर्षांचा अंदाज आडव्या रेषेवर आणि प्रत्यक्ष पाऊस उभ्या रेषेवर मांडून, मध्ये एकेका वर्षाचा ठिपका देऊनच तपासली जातात. पंचांगातल्या हत्ती-बेडकांनाही हा कागद खुला आहे. कोणा हौशी वाचकाकडे जुनी पंचांगे असतील आणि गावच्या पर्जन्यमापकाची वही मिळत असेल, तर ह्या सुटीत एक चौकटीचा कागद आणि एक पेन्सिल एवढ्यावर काम भागेल.