चोरीचा माग आणि गावाची हमी

2024च्या पावसाळ्यात बीडपासून आमच्या पुणे जिल्ह्यापर्यंत रात्री आकाशात ड्रोन फिरत असल्याच्या बातम्या आल्या. चोर वरून घरे हेरतात आणि मग खाली येतात, अशी वदंता होती. पुरंदर तालुक्यात माझे हार्डवेअरचे छोटे दुकान आहे. त्या पंधरवड्यात बॅटऱ्या, कुलुपे आणि कुऱ्हाडीचे दांडे इतके खपले की एरवी दिवाळीतही तेवढा गल्ला होत नाही. चावडीच्या भिंतीवर गस्तीची यादी लागली. रोज दहा घरांतून एकेक माणूस, रात्री अकरा ते पहाटे चार.

माझी पाळी होती त्या रात्री एकच्या सुमारास फाट्यावर आम्ही एक टेम्पो अडवला. आत ब्लँकेटे विकणारे दोघे तरुण होते. एकाच्या मोबाइलची बॅटरी संपलेली, दुसरा घाबरून बोलेचना. आमच्यातल्या एकाने टेम्पोची किल्ली काढून घेतली, दुसऱ्याने काठी उगारली. मी तिथेच उभा होतो आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तेवढ्यात मागून आमच्या रामोशीवाडीतले नाना आले. वय ऐंशीच्या पुढे, यादीत नाव नाही, कोणी बोलावलेलेही नाही. ते म्हणाले, "हात नाय लावायचा कुनी. आधी गाव इचारा. तिथला पाटील कोन, त्ये इचारा." पोरांनी गाव सांगितले, पोलीस पाटलाचे नाव सांगितले. शेजारच्या गावातल्या ओळखीतून नंबर मिळवून आम्ही त्या पाटलाला झोपेतून उठवले. त्याने दोघांच्या बापांची नावे सांगितली, टेम्पो कोणाचा तेही सांगितले. वीस मिनिटांत प्रकरण मिटले आणि पोरे वाटेला लागली.

मी शाळा-कॉलेजात इतिहास शिकलेलो नाही. मोडी वाचायला तिशीत शिकलो आणि तेव्हापासून दुकान सांभाळून वतनाचे कागद वाचतो. त्या रात्री घरी येऊन पडलो तेव्हा लक्षात आले की नानांनी जे केले ते मी वाचलेले होते. दोनशे वर्षांपूर्वी चोरीचा तपास याच रीतीने चाले.

पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या बंदोबस्ताचे वर्णन आहे. गावच्या शांततेला जबाबदार पाटील, आणि त्याच्या हाताखाली राखणदार. हा राखणदार कुठे रामोशी, कुठे महार, कुठे भिल्ल किंवा कोळी. रात्रीचा पहारा करायचा, गावात कोण आले, कोण गेले यावर नजर ठेवायची, संशयित माणूस दिसला तर पाटलाला कळवायचे. गावातल्या प्रत्येक माणसाची चालचलणूक त्याला ठाऊक असली पाहिजे. चोरी झालीच तर चोर शोधणे त्याच्याच अंगावर.

आता यात खरी गोम पुढे आहे. चोराच्या पावलांचा माग काढत राखणदार शिवेपर्यंत जाई. माग शेजारच्या गावच्या हद्दीत शिरला आणि तिथल्या राखणदाराची तशी खात्री पटली, की पहिला मोकळा. पुढचा तपास दुसऱ्याने उचलायचा. असे करत करत ज्या गावात माग शेवटचा लागला, ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार. माग कुठे लागलाच नाही, तर जिथे चोरी झाली त्याच गावाने भरपाई द्यायची. आधी राखणदाराने ऐपतीप्रमाणे, उरलेली साऱ्या गावाने. आजही आपण सहज म्हणतो, "काही माग लागला का?" किंवा "मागमूस नाही." या शब्दांना एकेकाळी रुपयांची किंमत होती. माग शिवेवर सोडता आला नाही तर गावाला पट्टी बसे.

नानांचे आजोबा पाऊलखूण सापडली की तिच्यावर पाटी पालथी घालीत, दवाने किंवा गुराच्या खुराने मोडू नये म्हणून. नाना सांगतात, पायाची करंगळी कशी टेकते, टाच कुठल्या अंगाला झिजते, यावरून माणूस ओळखू येई. आता गावात सगळीकडे सिमेंटचा रस्ता झाला. त्यावर काय उठणार?

एल्फिन्स्टनने आणखी एक बारीक गोष्ट टिपली आहे, आणि माझ्या मते साऱ्या व्यवस्थेची किल्ली तीच आहे. राखणदाराचा मोबदला काही अंशी घरोघरच्या धान्यातून येई. म्हणजे कोणाकडे किती पिकले, किती घरात आले, हे त्याला आपल्या वाट्यासाठीच जाणून घ्यावे लागे, आणि तो वाटा गोळा करायला त्याला प्रत्येक दारात जावे लागे. प्रत्येक उंबरा त्याच्या पायाखालचा. गाव त्याला ओळखे आणि तो गावाला. आपल्या शहरातला शिट्टी वाजवत, काठी आपटत फिरणारा गुरखा महिन्याच्या सुरुवातीला दारोदार पैसे मागायला येई, तेव्हा लोकांना ते भीक मागितल्यासारखे वाटे. पण त्या निमित्ताने का होईना, तो घरातली माणसे ओळखत असे. आता सोसायटीच्या दारातला पहारेकरी एजन्सीकडून येतो, वर्ष-सहा महिन्यांत बदलतो, पगार कुठून तरी परस्पर होतो. त्याच्या वहीत आपण मोबाइल नंबर लिहितो आणि तो गाडीचा नंबर लिहितो. तिसऱ्या मजल्यावर कोण राहते हे त्याला ठाऊक नसते, आणि त्याचे गाव कोणते हे तिसऱ्या मजल्याला.

ही जुनी रीत फार न्यायाची होती असे मात्र कोणी समजू नये. जी चोरी गाव थांबवू शकत नव्हते आणि जिची भरपाई देण्याची त्याची ऐपतही नव्हती, ती त्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे, हे एल्फिन्स्टनलाही दिसत होते. पुरी रक्कम क्वचितच वसूल होई. दंड मात्र बहुधा बसे, आणि हयगय केली किंवा चोराशी संगनमत केले तर पाटलाचे अथवा राखणदाराचे इनाम काढून त्याच्या भाऊबंदाला दिले जाई, बेड्या पडत, मारही बसे. राखणदारच पुष्कळदा चोर असे आणि पाटील चोरांना आसरा देऊन वाटा घेई, हेही त्याने लिहून ठेवले आहे. पुढे पुण्याच्या कॅम्पातल्या साहेबलोकांनी बंगल्यावर रामोशी ठेवण्याची चाल उचलली, ती याच हिशेबाने. रामोशी ठेवला की चोरी होत नाही, न ठेवला तर होते. याला कोणी खंडणी म्हणेल, कोणी विमा.

शब्दांवरून आठवले म्हणून सांगतो. 'घरफोडी' हा शब्द आपण कडीकोयंडा तोडून झालेल्या चोरीलाही वापरतो. पण मूळ घरफोडीत घर खरोखरच फुटत असे. देशावरच्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या. दाराला आतून जाड अडसर, त्यामुळे दाराच्या वाटेला चोर जातच नसे. तो पहारीने मागची भिंत पोखरी आणि माणूस सरपटत जाईल एवढे भोक पाडी. कुलूप हा शब्दच अरबी-फारसीतून आलेला. गरिबाच्या घराला कुलूप नसे, कारण बहुधा घरात कोणीतरी म्हातारे माणूस असेच. माझ्या दुकानात बसून हे लिहिणे म्हणजे पोटावर पाय आणणे, पण गेल्या तीस वर्षांत मी विकलेल्या कुलुपांची संख्या आणि ओसरीवर बसणाऱ्या म्हाताऱ्यांची संख्या यांचा संबंध उलटा आहे.

आमच्या पुरंदरला हा इतिहास पुस्तकात शोधावा लागत नाही. उमाजी नाईक इथल्याच भिवडीचा, जन्म 1791चा. त्याच्या घराण्याकडे किल्ल्याची राखण होती. राखण गेली, वतन गेले आणि राखणदारांची फौजच्या फौज उपाशी डोंगरात शिरली. दरोडे वाढले तेव्हा कंपनी सरकारने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. आधी पाठलाग केला, मग माफी देऊन उमाजीला चाकरीत घेतले, म्हणजे राखणीचे काम पुन्हा राखणदारालाच दिले. ते फार दिवस टिकले नाही. 1831च्या डिसेंबरात तो पकडला गेला आणि 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात फाशी गेला. त्याच्या तपासावर असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने पुढच्याच वर्षी रामोशी जमातीवर एक अख्खे पुस्तक छापले. आमच्याकडे उमाजीचे पुतळे आहेत, जयंतीला मिरवणूक निघते. मिरवणुकीत डीजे लावणाऱ्यांना मी विचारून पाहिले आहे, उमाजीच्या बापाची राखण कोणती होती? उत्तर मिळालेले नाही.

यानंतरची गोष्ट अधिक कडू आहे. 1867च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने पाटील आणि गावनोकर सरकारी चौकटीत बसवले. 1871मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि 1911च्या सुधारित कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. अमुक जातीत जन्मला म्हणून हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. गावचा पाटील आणि जागल्या यांच्यावर या कायद्याने नवे काम टाकले. नोंदलेल्या जमातीचा माणूस गैरहजर दिसला की कळवायचे. पूर्वी जागल्या पावलांवरून माणूस शोधी. आता जात आधीच ठरलेली असे. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी गेला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज रामोशी आहेत, बेरड आहेत. ज्यांना चोरी झाली तर पदरची भरपाई द्यावी लागत होती, त्यांची नावे त्या यादीत आहेत.

मग जुनी वतने परत आणावीत काय? मुळीच नाही. वेसकर म्हणून वेशीत उभ्या असलेल्या महाराला थंडीपावसात रात्र काढावी लागे आणि बदल्यात उरलेसुरले अन्न मिळे. डॉ. आंबेडकरांनी 1928मध्ये मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच गुलामीविरुद्ध. कनिष्ठ गाववतने 1958च्या कायद्याने गेली, मुलकी पाटीलकी 1962च्या कायद्याने, आणि 1967च्या कायद्याने नेमणुकीचा पोलीस पाटील आला. जे गेले ते जायलाच हवे होते. पण त्यासोबत माग शिवेवर सोडण्याची रीत, म्हणजे परक्या माणसाचा शब्द त्याच्या गावाकडून तपासून घेण्याची सवय, तीही गेली. तिची जागा कोणत्याच कायद्याने भरली नाही.

ती नसली की काय होते? 1791च्या श्रावणात दक्षिणेसाठी पुण्यात आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना चोर समजून घाशीराम कोतवालाच्या लोकांनी कोंडले. त्यात अनेकजण गुदमरून मेले आणि खवळलेल्या जमावाने कोतवालाला दगडांनी ठेचले. शहर मोठे, माणसे परमुलखातली, त्यांचा शब्द कोणाकडे तपासणार? हे जुने झाले म्हणावे, तर 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारण्यात आले. ते मंगळवेढ्याकडचे होते. गाव होते, घरे होती, नावे होती. विचारायला एक फोन पुरला असता. 16 एप्रिल 2020च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले, तेव्हाही त्या भागात चोर फिरत असल्याची आवई होती आणि गावकरी पहाऱ्याला बाहेर पडत होते. आता ग्राम सुरक्षा यंत्रणा आली आहे. एका फोनवर गावातले सगळे मोबाइल एकदम वाजतात. वाडीवर दरोडा पडला तर तिचा मोठा आधार, मी स्वतः नाव नोंदवले आहे. पण ती शंभर माणसे बाहेर काढते. बाहेर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न कोणता विचारायचा, ते तिच्यात नाही.

टेम्पोच्या दुसऱ्या दिवशी चावडीवरची यादी मी नीट वाचली. रामोशीवाडीतले एकही नाव तिच्यात नव्हते, आणि ओढ्यापलीकडच्या पारध्यांच्या चार घरांतलेही नव्हते. यादी करणारा माझ्याच दुकानातला गिऱ्हाईक. मी विचारले तर म्हणाला, "अहो शेठ, त्यांच्यावरच तर नजर ठेवायचीय ना." मी नानांच्या नातवाचे आणि पारधी वस्तीवरच्या एका पोराचे नाव पेनने खाली लिहिले. कोणी खोडले नाही, कोणी काही बोललेही नाही. नानांचा नातू दोन रात्री आला. पारध्याचा पोरगा आला नाही. त्याच्या आईने सांगितले, रात्रीचं बाहेर फिरला आणि कुठं काय झालं तर याचंच नाव येणार. तिसऱ्या रात्रीपासून पावसाने झड धरली आणि गस्त आपोआप बंद पडली.