फोटोत नसलेली आई

११ जून १९९७ ला कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ गावात, एका प्रसूतिगृहात, फिलिप कान नावाचा एक गृहस्थ बायकोच्या बाळंतपणाची वाट पाहत बसला होता. धंद्यानं सॉफ्टवेअरवाला. नवऱ्याला अशा वेळी करण्यासारखं तसंही काही नसतं. ह्यानं वेळ घालवायला मोबाइल फोन, डिजिटल कॅमेरा आणि लॅपटॉप एकमेकांना जोडले आणि मुलगी जन्मताच तिचा फोटो काढून दोन हजारांवर ओळखीच्या लोकांना पाठवून दिला. फोनच्या जोडीनं काढून तिथल्या तिथे जगाला धाडलेला पहिला फोटो म्हणून आज हाच मानला जातो. म्हणजे बघा, ज्या यंत्रावर आपण सकाळी उठून फुलांची आणि सुविचारांची चित्रं ढकलतो, त्या सगळ्याचा श्रीगणेशा दवाखान्यातल्या बाळाच्या फोटोनं झालेला आहे.

त्याच सुमारास आमच्या तेल्हाऱ्यात बाळ झाल्याची बातमी एसटीडी बूथवरून जायची. मीटरवरचे आकडे पळायच्या आत "मुलगी झाली, दोघी सुखरूप" एवढं बोलून फोन ठेवायचा. फोटो मागाहून. किती मागाहून, ते रोल संपण्यावर!

तेल्हारा म्हणजे अकोला जिल्ह्यातलं कापसाच्या पट्ट्यातलं तालुक्याचं गाव. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, तिच्यापलीकडे मेळघाट. माझ्या आजीची सगळी बाळंतपणं घरी, मागच्या अंधाऱ्या खोलीत, सुईणीच्या हातची. त्या खोलीचं दार कायम लोटलेलं, दाराशी शेगडी, आत ओवा-शेपांचा धूर, बाजेवर बाळंतीण आणि तिच्या कुशीत गाठोडं. पाचवीच्या दिवशी सटवाईची पूजा व्हायची. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, कारण रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर काय ते लिहून जाते. त्या कोऱ्या कागदाची मला लहानपणी फार गंमत वाटायची. बाळाविषयीची पहिली नोंद करायचा मान देवीचा, आणि ती नोंद कोणालाच वाचता येत नाही.

अशा घरात नवजात बाळाचा फोटो काढणं हे नुसतं अवघड नव्हतं, ते नकोच होतं. बाळाला दृष्ट लागते म्हणून गालाला काजळाची तीट, सव्वा महिना उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, 'गुटगुटीत आहे हो' असं परक्यानं म्हटलं तरी मीठ-मोहऱ्या उतरायच्या. तिथे काचेचा डोळा घेऊन कोण येणार? आजी म्हणायची, "राहू दे तो डब्बा. लेकराले नजर लागते." आज आपण हसतो. पण ज्या बाईनं दोन लेकरं सव्वा महिन्याच्या आत गमावली, तिनं उरलेल्यांना जगाच्या नजरेआड ठेवावं, हे मला तरी अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकवत नाही.

कॅमेऱ्याचीही स्वतःची अडचण होती. फोटोग्राफीचं तंत्र १८३९ मध्ये जगापुढे आलं, आणि मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नाणावलेले फोटोग्राफर. म्हणजे डॉक्टर आणि कॅमेरा ही जोडी आपल्याकडे फार लवकर जमली. पण त्या काळी प्लेटवर चित्र उमटायला सेकंदांवर सेकंद लागत, आणि तान्हं बाळ काही हलायचं थांबत नाही. युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओंनी त्यावर एक विलक्षण तोडगा काढला होता. आईनं खुर्चीत बसून बाळाला घट्ट धरायचं आणि आईवर कापड टाकायचं. फोटोत बाळ दिसतं, आणि बाळामागे बुरखा पांघरलेल्या खुर्चीसारखं काहीतरी. ते काहीतरी म्हणजे आई. असे शेकडो फोटो आज संग्रहांतून सापडतात. नीट पाहिलं की कापडाखालचा हात दिसतो. अंगावर काटा येतो.

आपल्याकडे वेगळंच कापड होतं, पडद्याचं. १८९२ मध्ये राजा दीनदयाळ यांनी हैदराबादेत खास बायकांसाठी स्टुडिओ काढला आणि तो चालवायला एका युरोपियन बाईला नेमलं. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचंच होतं, कारभार मात्र १८५३ पासून इंग्रजांकडे. पण हैदराबादचा जनाना स्टुडिओ खानदानी घरच्या बायकांसाठी. वऱ्हाडातल्या कुणब्याच्या बाळंतिणीचा त्याच्याशी काय संबंध!

तिच्यापर्यंत आधी पोहोचायचं होतं ते दवाखान्याला. तेही सहज झालं नाही. पुरुष डॉक्टरला बाई दाखवायची नाही म्हणून बाई मेली तरी चालेल, असा तो काळ. १८८५ मध्ये लेडी डफरीन यांच्या पुढाकारानं बायकांना बायकांकडूनच उपचार मिळावेत म्हणून निधी उभा राहिला, १८८६ मध्ये मुंबईचं कामा हॉस्पिटल सुरू झालं. आमच्या भागात त्या काळाच्या खुणा अजून लोकांच्या तोंडी आहेत. अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला आजही 'डफरीन' म्हणतात आणि अकोल्याच्या स्त्री रुग्णालयाला 'लेडी हार्डिंग'. "डफरीनले नेलं" म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. इंग्रज गेले, त्यांचे पुतळे गेले, पण दोन व्हाइसरॉयांच्या बायका वऱ्हाडी बाळंतिणींच्या बोलण्यात अजून टिकून आहेत.

इथे आनंदीबाई जोशींची आठवण होणं अटळ आहे. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वैद्यकीय मदत मिळाली असती तर वाचला असता, ह्या सलीतून त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय कोणता घेतला? आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. त्यांचा एक फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. १८८५ च्या ऑक्टोबरातला, नऊवारीतल्या आनंदीबाई, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या वेषात. फिलाडेल्फियातला तो फोटो आता जगभर फिरतो. ज्याच्यामुळे त्या तिथवर गेल्या, तो दहा दिवसांचा मुलगा मात्र कोणत्याच फोटोत नाही. कल्याणसारख्या गावात तेव्हा दहा दिवसांच्या बाळाचा फोटो कोण काढणार होतं? वर्षभरात, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात आनंदीबाईही गेल्या.

(विषयांतर होईल, पण सांगतोच. मराठी माणसानं जन्माचं पहिलं चित्रीकरण केलं ते माणसाच्या नव्हे, वाटाण्याच्या. सिनेमासाठी पैसे उभे करायला दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट केला. कुंडीतल्या वाटाण्याची रोज थोडी थोडी फिल्म घेत. वाटाण्याला दृष्ट लागत नाही, आणि तो हलतही नाही.)

आता येऊ आपल्या ओळखीच्या काळात. आमच्या घरातला दवाखान्यातल्या बाळंतपणाचा पहिला फोटो आहे ऐंशीच्या दशकातला, आणि तो काढला मामानं. कोणाच्याही घरातला तो फोटो बघा, काढणारा बहुधा मामाच असतो. कारण उघड आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. जावई दूर आपल्या गावी, पत्राची वाट पाहत. दवाखान्यात धावपळ करणारा, डबा आणणारा, रक्ताच्या बाटलीसाठी सायकल हाणणारा तो बाळंतिणीचा भाऊ. आपल्याकडे जन्माच्या फोटोचा इतिहास कोणी लिहिलाच, तर तो मामांचा इतिहास असेल.

मामाकडे होता आग्फाचा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा तो डबा कॅमेरा आणि एका रोलमध्ये बरोबर बारा फोटो. भिंग साधं, शटर एकाच गतीचं. बाहेरचा चांगला उजेड असेल तरच चित्र यायचं. दवाखान्याच्या वॉर्डात, चाळीसच्या बल्बखाली, ह्या कॅमेऱ्यानं काळा चौकोन सोडून काही निघणं शक्य नव्हतं. म्हणजे पेच असा, की कॅमेऱ्याला ऊन हवं आणि आजी म्हणते सव्वा महिना बाहेर न्यायचं नाही. त्या काळच्या बाळांचे फोटो गच्चीवर, व्हरांड्यात, अंगणातल्या गोधडीवर दिसतात आणि त्यांत बाळ चांगलं दीड-दोन महिन्यांचं असतं, त्याचं कारण हे आहे. आवड नव्हती, हौस नव्हती असं नाही. परंपरा आणि भिंग, दोघांनी मिळून ती तारीख ठरवली होती.

मामानं तोड काढली. वॉर्डाच्या पूर्वेच्या खिडकीत सकाळी नऊला उन्हाचा पट्टा यायचा. तिथे आजीला उभं केलं, हातात बाळ, आणि डबा खिडकीच्या गजावर टेकवून खटका ओढला. तिसऱ्या दिवसाचा फोटो! उरलेल्या नऊ फोटोंसाठी रोल कॅमेऱ्यातच राहिला, तो एका लग्नात संपला आणि धुवायला अकोल्याला गेला. जावयाला फोटो मिळाला तेव्हा बाळ पालथं पडायला लागलं होतं.

तेव्हाचे कृष्णधवल रोल बऱ्याचदा 'इंदू' असत, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे. १९६० मध्ये निघालेली ही सरकारी कंपनी क्ष-किरणांच्या फिल्मही बनवायची. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. दवाखान्याच्या आतल्या खोलीत आजोबांच्या छातीचं चित्र ज्या कारखान्याच्या फिल्मवर उमटलं असेल, त्याच कारखान्याच्या फिल्मवर बाहेर नातवाचं. दोन्ही कारागिऱ्या आता गेल्या, कंपनीही गेली.

ह्या फोटोत आई नाही. हे लक्षात यायला मला फार वर्षं लागली. आजी आहे, बाळ आहे, खिडकीचा गज आहे. आई पलीकडे खाटेवर होती, आणि बाळंतिणीचा फोटो काढायची रीत नव्हती. केस विस्कटलेले, डोक्याला रुमाल, अंगात ताप. "आधी बरी हो, मग काढू" असं म्हणायचे. पुढे माझ्या भावंडांच्या, चुलत भावंडांच्या वेळीही तेच. मावशी आहे, आत्या आहे, एका फोटोत तर चहावाला पोरगा आहे. आई फार तर एका कडेला, सलाइनची सुई लावलेला मनगटापर्यंतचा हात. त्या युरोपातल्या स्टुडिओंना निदान कापड तरी टाकावं लागायचं.

पुढे सोनोग्राफी आली आणि 'पहिला फोटो' जन्माच्याही आधी गेला. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी पोटातल्या गर्भाची ध्वनिलहरींनी काढलेली चित्रं १९५८ मध्ये लॅन्सेटमध्ये छापली. जगानं टाळ्या वाजवल्या. आपण त्या चित्राचं काय केलं ते सर्वांना माहीत आहे. महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला, तरीही शून्य ते सहा वयातल्या दर हजार मुलांमागे मुली महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ ला ८९४ झाल्या. आजीची नजरेची भीती आठवा. ह्या नव्या नजरेनं लेकींना खरोखरच गिळलं. म्हणून सोनोग्राफीच्या खोलीबाहेरची ती पाटी मी दर वेळी पूर्ण वाचतो.

फोटोतली तफावत तर उघडच होती. मुलगा झाला की पेढे आणि फोटो, मुलगी झाली की बर्फी आणि "रोल संपला वाटते बाप्पा". आमच्याच अल्बममध्ये मोजून पाहा म्हटलं तर कोणाला आवडणार नाही, पण मी मोजलेत. आम्ही पाच नातू, सहा नाती. वर्षाच्या आतले फोटो नातवांचे एकोणीस, नातींचे सात.

म्हणून हर्षा चावडाचे फोटो मला महत्त्वाचे वाटतात. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून जन्मलेली टेस्ट ट्यूब बेबी. तिचं छायाचित्र गावोगावी वर्तमानपत्रांतून पोहोचलं. देशानं कौतुकानं पाहिलेलं ते बाळ मुलगी होतं. मार्च २०१६ मध्ये हर्षाला मुलगा झाला, तेव्हाही प्रसूती करायला हिंदुजाबाईच होत्या.

जी बाळं घरी येत नाहीत त्यांचं काय? अमेरिकेत २००५ पासून एका संस्थेचे फोटोग्राफर दवाखान्यात जाऊन अशा बाळांचे फोटो विनामूल्य काढून आईबापांना देतात. ऐकून आपल्याकडचे लोक दचकतात. आपल्याकडे त्या बाळाचं नावही पुन्हा काढत नाहीत, बाळंतिणीला "विसर" म्हणतात. माझ्या आजीच्या त्या दोघांचा ना फोटो, ना कागद. म्हातारपणी ती त्यांची वर्णनं करायची, एकाचं नाक असं, दुसरीची बोटं लांब. मला वाटतं, तिला फोटो हवा होता. तिची हरकत फक्त जिवंत लेकरांच्या फोटोला होती.

आता सगळंच पालटलं आहे. महाराष्ट्रात २००५-०६ साली शंभरातली सुमारे ६५ बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ च्या पाहणीत ती जवळपास ९५ झाली. जननी सुरक्षा योजना, आशाताई, १०८ ची गाडी, यांनी ती अंधारी खोली पुसून टाकली. आणि प्रत्येक खाटेजवळ एक फोन. मोठ्या शहरांत बाळंतपणाचे फोटो काढणारे व्यावसायिकही आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात प्रसूतिकक्षाचं दार नातेवाइकांच्या कॅमेऱ्यांना बंद असतं, आणि ते बरोबरच आहे. तिथे शेजारच्या टेबलावर दुसऱ्या कोणाची तरी लेक असते.

पण दार बंद असलं तरी वाट निघते. नवरा बाहेर बाकावर, फोन उघडून सिस्टरकडे देतो, "ताई, एक फोटो तेवढा." एरवी वसकन अंगावर येणारी सिस्टर दहा मिनिटांनी बाळाचं वजन, टोपी, पायाचा शाईचा ठसा असं सगळं उरकून फोन परत आणून देते. मागच्या वर्षी भाचीच्या वेळचा असाच फोटो माझ्याकडे आला. थोडा हललेला आहे, कोपऱ्यात सिस्टरचं बोट आलंय. बाळ आहे, आणि मागे भाची आहे, घामानं निथळलेली, केस कपाळाला चिकटलेले, तोंड उघडं, चक्क हसतेय. सासरच्या ग्रुपवर टाकताना कोणीतरी तो कातरला आणि नुसतं बाळ ठेवलं. मी भाचीच्या आईला फोन करून म्हटलं, अख्खा पाठव.