गाडीचे अ‍ॅव्हरेज आणि बीडचा कोयता

मराठी माणूस गाडी घ्यायला गेला की पहिला प्रश्न विचारतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" मायलेज हा शब्द जाहिरातीत असतो, बोलण्यात मात्र अ‍ॅव्हरेजच. मी जन्मभर शाळेत शिकवले, त्यामुळे हा शब्द कानावर आला की मला गणितातली सरासरी आठवते. सरासरीचा एक स्वभाव आहे. दोन अगदी वेगळ्या गोष्टी ती एका आकड्यात झाकून टाकते. नगरच्या मोकळ्या रस्त्यावर अठरा देणारी गाडी पुण्यातल्या सिग्नलांमध्ये दहावर येते आणि मालक ऐटीत सांगतो, "चौदा देते."

२०२५ साली या अ‍ॅव्हरेजवरून देशभर मोठा गदारोळ झाला. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणाराही तोच, मग अ‍ॅव्हरेज एकाएकी का पडले, असे लोक विचारू लागले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला न्यायालयाने याचिका फेटाळली. हा विषय शहरातल्या गाडीवाल्यांचा, बीडसारख्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या मास्तरला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण या गोष्टीचा एक धागा सरळ आमच्या उसतोड कामगाराच्या कोयत्यापर्यंत येतो. म्हणून हा खटाटोप.

आधी शहराचे बघू. गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा पेट्रोल जळत असते आणि अंतर मात्र शून्य. सिग्नल सुटला की टनभराचे धूड पुन्हा हलवायचे, त्याला वेग द्यायचा आणि दोनशे मीटरवर ब्रेक लावायचा. पेट्रोल जाळून मिळवलेला तो वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन जातो. स्पोर्ट्स कारचे तर विचारूच नका. तिचे इंजिन मोठे, टायर रुंद. गर्दीत तिच्याकडून थोडीच ताकद हवी असते, म्हणून हवेची झडप जवळजवळ मिटलेली राहते आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची बरीच शक्ती जाते. आपल्याकडेही अशा गाड्यांची हौस झालेली आहे. गोव्यात सॅन मोटर्सने 'सॅन स्टॉर्म' नावाची दोन आसनांची छोटी स्पोर्ट्स कार बनवली होती. दिलीप छाब्रिया यांची 'अवंती' २०१२ च्या दिल्लीतल्या वाहन प्रदर्शनात लोकांसमोर आली, तिला दोन लिटरचे टर्बो इंजिन होते. अशी गाडी मोकळ्या रस्त्यावर धावण्यासाठी असते. तिला लक्ष्मी रोडवर नेले तर ती पेट्रोल पिणारच.

पण हे सगळे रोजचे झाले. एकाएकी फरक पडला तर शहाण्या माणसाने आधी टायरमधली हवा बघावी, एअर फिल्टर बघावा, एखाद्या चाकाचा ब्रेक धरून राहतो का ते बघावे, इंजिनाला हवा-पेट्रोलचे प्रमाण कळवणारा ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्यावा. हे सगळे ठीक निघाले तर मग टाकीत काय आहे ते बघायचे. आणि टाकीचा इतिहास मोठा मजेशीर आहे.

सोलापूरला १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांचे नाव आपण जहाज, विमान आणि मोटार यांच्याशी जोडतो. पण या माणसाने उसातही तेवढाच जीव ओतला. नाशिक जिल्ह्यातले रावळगाव आणि इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर ही त्यांनी ओसाड माळावर उभी केलेली उसाची राज्ये. पुढे १९४४ साली त्यांनीच प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि नंतर पद्मिनी बाहेर पडली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीला २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप दिला गेला. ऊस आणि मोटार अशी दोन्ही रोपे एकाच माणसाने लावली. ती दोन्ही पुढे एका टाकीत भेटणार आहेत हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी असेल असे वाटत नाही.

तरी कल्पना अगदीच नवी नव्हती. साखर तयार झाल्यावर उरणाऱ्या मळीपासून मद्यार्क निघतो आणि तो पेट्रोलमध्ये मिसळला तर इंजिन चालते, हे जगाला ठाऊक होते. आपल्या देशात १९४८ साली 'इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट' नावाचा कायदाही झाला. त्याच वर्षी १ जूनला एस.टी.ची पहिली गाडी नगरहून पुण्याला गेली आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आमचा बीड जिल्हा निजामाच्या राजवटीतून सुटला. पेट्रोल स्वस्त होते तोवर या कायद्याची कोणाला फारशी आठवण राहिली नाही.

ती आठवण १९७३ ने करून दिली. अरब देशांनी तेल रोखले आणि तीन डॉलरच्या आसपास असलेला पिंपाचा भाव काही महिन्यांत जवळजवळ बारावर गेला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी पेट्रोल दरवाढीचा निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. ब्राझीलने १९७५ साली राष्ट्रीय कार्यक्रम आखून उसाचे इथेनॉल गाड्यांत घालायला सुरुवात केली. आपण मात्र अ‍ॅव्हरेज जास्त देणाऱ्या गाड्या शोधत राहिलो. अ‍ॅव्हरेज हा शब्द घरोघरी पोचला तो या महागाईच्या काळातच, असे माझे मत आहे.

पुढची गंमत बघा. १९४८ चा तो कायदा २००० साली रद्द झाला आणि लगेच २००१ मध्ये सरकारने पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग सुरू केले. ठिकाणे तीन. त्यांतली दोन महाराष्ट्रातली, मिरज आणि मनमाड. तिसरे उत्तर प्रदेशात. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले, पण गाडे रडतखडतच चालले. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने मळीबरोबरच थेट उसाच्या रसापासून आणि धान्यापासून इथेनॉल करायला वाट दिली. २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला. २०२३ च्या फेब्रुवारीत वीस टक्क्यांचे पेट्रोल निवडक पंपांवर आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. वीस टक्क्यांचे लक्ष्य आधी २०३० चे होते, ते पाच वर्षे आधीच गाठले गेले.

आता गणित. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. इथेनॉल वीस टक्के असेल तर लिटरमागे तूट विसाची एक तृतीयांश, म्हणजे सहा ते सात टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकीचे अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी आणि तशाच दुचाकीचे तीन-चार टक्क्यांनी कमी होईल असे म्हटले आहे. वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या नव्या चारचाकीत हा फरक एक-दोन टक्क्यांवर येतो. इथेनॉलचा ऑक्टेन अंक चांगला असतो, त्यामुळे जास्त दाबाचे स्पोर्ट्स कारचे इंजिन मुद्दाम त्यासाठी जुळवले तर तूट थोडी भरून निघते. जुन्या इंजिनाला त्याचा उपयोग करून घेता येत नाही.

म्हणजे शुद्ध पेट्रोलवर पंधरा देणारी गाडी चौदा देईल. ही तूट खरी आहे, ती नाकारू नये. पण पंधराची गाडी एकदम दहावर आली तर तो दोष इथेनॉलवर टाकता येणार नाही, गणित तसे सांगत नाही. शिवाय आधीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल होतेच. दोन्ही बाजूंनी हा हिशेब शांतपणे मांडला असता तर निम्मे भांडण मिटले असते. उरलेले निम्मे मात्र रास्त आहे. ब्राझीलमधला गाडीवाला पंपावर निवड करू शकतो. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर ते घ्यायचे, नाहीतर पेट्रोल, असा त्याचा साधा ठोकताळा आहे. आपल्याकडे लिटर मोजून पैसे घेतले जातात, लिटरमधली ऊर्जा कमी झाली तरी भाव तोच.

आता बीडकडे येतो. चाळीस लिटरच्या टाकीत वीस टक्क्यांनी आठ लिटर इथेनॉल येते. अलीकडे मक्यापासून होणारे इथेनॉल उसाच्या पुढे गेले आहे, पण हे आठ लिटर उसाच्या रसाचे आहेत असे धरू. एक टन उसापासून सुमारे सत्तर लिटर इथेनॉल निघते. म्हणजे आठ लिटरला साधारण ११५ किलो ऊस लागला. हा ऊस कोणी तोडला? दसरा-दिवाळीनंतर आमच्या गेवराई, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी भागातून मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रकने, टायरगाडीने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा दर टनाला साडेतीनशेच्या थोडा पुढे गेला. त्या हिशेबाने ११५ किलोची तोडणी चाळीस-बेचाळीस रुपये. २०२५ साली महाराष्ट्रात चाळीस लिटरची टाकी भरायला चार हजारांच्या वर लागत. त्या चार हजारांत कोयत्याचा वाटा एवढा.

मी शिक्षक असताना दिवाळीनंतर वर्ग अर्धा रिकामा होई. हजेरीत नाव असे, बाकावर मूल नसे. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती मुले परत येत तेव्हा बेरीज-वजाबाकी पुन्हा पहिल्यापासून. आता कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे आणि कारखान्यांनी त्यासाठी गाळपाच्या टनामागे दहा रुपये द्यावेत असे ठरले आहे. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजनाही आहे. चांगलेच आहे. पण टनामागे दहा रुपये म्हणजे आपल्या त्या टाकीमागे एक रुपया पंधरा पैसे होतात, हेही मांडून बघावे.

पाण्याचे अजून राहिले. उसापासून एक लिटर इथेनॉल करायला २,८६० लिटर पाणी लागते असा हिशेब नीती आयोगाच्या त्याच अहवालात आहे. ज्या मिरजेत २००१ साली इथेनॉलचा प्रयोग झाला, त्याच मिरजेहून २०१६ च्या एप्रिलात लातूरला पिण्याच्या पाण्याची रेल्वे आली. आमच्या माजलगाव धरणाच्या पाण्यावर उसाचे फड उभे राहिले, याचा मला आनंदच आहे. शेतकऱ्याला उसाचे पैसे वेळेवर मिळावेत म्हणून इथेनॉल हवे, परदेशातून येणारे तेल कमी व्हावे म्हणूनही हवे. तरी मराठवाड्यातल्या माणसाने पाणी विसरून हा हिशेब करू नये.

तर सांगायचा मुद्दा असा. अ‍ॅव्हरेज पडले म्हणून ओरडणाऱ्याचे थोडे खरे आहे आणि काही पडलेच नाही म्हणणाऱ्याचेही थोडे खरे आहे. पंपावर टाकीत काय आणि किती आहे ते ठळक लिहावे, कमी ऊर्जेच्या लिटरचा भाव कमी असावा आणि त्या लिटरमधला उसाचा वाटा ज्याने तोडला त्याच्या घरापर्यंत थोडा तरी जास्त जावा, एवढे झाले तर सहा टक्क्यांची तूट सोसायला माझ्यासारख्याची हरकत नाही. तोवर टायरमध्ये हवा बरोबर ठेवा आणि सिग्नल लांबला तर इंजिन बंद करा.