सिद्धगडचा हिवाळा

दिवाळी अंक हाती आला की आपल्यापैकी पुष्कळजण अनुक्रमणिकेत आधी रहस्यकथा शोधतात. वडीलधारी मंडळी वैचारिक लेखावर बोट ठेवून बसतात खरी. पण दुपारी चकलीची वाटी जवळ ओढून कोणते पान उघडले जाते, हे घरातल्या पोरासोरांना ठाऊक असते! काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजना'चा दिवाळी अंक काढला आणि या वार्षिक मेजवानीची प्रथा पाडली. पुढे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड यांनी कितीतरी मराठी घरांतली झोप उडविली. भय आणि फराळ यांचे आपल्याकडे असे जुने सख्य आहे.

गेल्या काही वर्षांत या भयाला एक नवा मुलूख सापडला आहे. तो म्हणजे उत्तर युरोपातला बर्फाचा मुलूख. स्वीडन, नॉर्वे, आइसलंड, स्कॉटलंडपलीकडची शेटलंड बेटे. हेनिंग मॅन्केल यांचा वालँडर नावाचा खिन्न पोलीस अधिकारी १९९१ साली वाचकांसमोर आला. आइसलंडच्या अर्नाल्दुर इंद्रिदासोन यांच्या कथाही पुढे देशोदेशी गेल्या. या सर्व कथांचा साचा थोडाफार एकच. दिवस लहान, रात्र लांब, वस्ती तुरळक. बर्फावर एक प्रेत सापडते. बाहेरून येणारा रस्ता बंद असतो, म्हणजे गुन्हेगार आपल्यातलाच कोणीतरी. आणि खरी मौज पुढे आहे : गावातल्या कोणाला तरी सारे ठाऊक असते, पण तो बोलत नाही.

या परंपरेचा पाया माय शोवाल आणि पेर वालू या स्वीडिश जोडीने घातला. १९६५ ते १९७५ या काळात त्यांनी दहा कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या साऱ्यांना मिळून 'एका गुन्ह्याची कादंबरी' असे उपनाव दिले. दहा पुस्तके, खून अनेक आणि गुन्हा मात्र एकच! त्यांचा रोख समाजव्यवस्थेकडे होता. खून कोणी केला हे शेवटच्या पानावर कळते, पण खरा गुन्हेगार कोण हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही उरतो.

हाच प्रश्न हाती घेऊन, वाचकहो, आता बर्फाचा देश सोडून आपल्या ठाणे जिल्ह्यात येऊ. मुरबाड तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगररांगेला लागून सिद्धगड उभा आहे. उंची सुमारे सव्वातीन हजार फूट. जवळच गोरखगड आणि मच्छिंद्रगड हे दोन सुळके गुरुशिष्यांसारखे उभे. खाली दाट रान. त्यात ठाकर, महादेव कोळी, कातकरी यांच्या वाड्या. येथे बर्फ पडत नाही. पण पौषाच्या सुमारास पहाटे या रानात जो गेला असेल त्याला थंडी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. दंवाने गवत भिजलेले असते, दरीत धुके साचलेले असते आणि सूर्य कड्याआडून वर यायला उशीर करतो.

या रानात १९४३ सालच्या जानेवारीत दोन माणसे मारली गेली. त्यांतले एक विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका गरीब नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. माथेरान म्हणजे साहेबलोकांचे हवा खाण्याचे ठिकाण. तेथल्या श्रमकऱ्यांच्या घरातला हा मुलगा शिकून वकील झाला आणि पुढे माथेरानच्या नगरपालिकेचा उपाध्यक्षही. खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या, अडलेल्या शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून धान्यकोठी उघडली. लोक त्यांना 'भाई' म्हणू लागले ते यामुळे.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच पुढाऱ्यांना पकडण्यात आले. भाईंवरही वॉरंट निघाले, तसे ते भूमिगत झाले आणि त्यांनी 'आझाद दस्ता' उभा केला. मुंबईच्या गिरण्या आणि आगगाड्या ज्या विजेवर चालत ती टाटांच्या खोपोली, भिवपुरी, भिरा येथील जलविद्युत केंद्रांतून येई. ती वाहून नेणारे लोखंडी मनोरे कर्जतच्या रानातून, भाईंच्या अंगणातूनच म्हणा ना, गेलेले! सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत दस्त्याने असे अकरा मनोरे आडवे केले. महायुद्ध ऐन भरात असताना मुंबईचे कारखाने अडले. सरकारचे पित्त खवळले नसते तरच नवल. बक्षिसे लागली आणि हॉल नावाच्या गोऱ्या पोलीस अधिकाऱ्यावर शोधाची कामगिरी आली.

येथून पुढची हकीकत रहस्यकथेच्या वाचकाने जरा उलट्या बाजूने वाचावी. शोध घेणारा पोलीस हा येथे परका आहे आणि ज्यांचा शोध चालला आहे ती माणसे मुलखाच्या घरची आहेत. पावसाळ्यात हॉलला या रानात पाऊल टाकणे अवघड होते. ओढे भरलेले, वाटा बुडालेल्या, दहा पावलांपलीकडचे दिसायचे नाही. हिवाळ्यात भात कापून झालेले असते, ओढ्यांत पाय टाकून पलीकडे जाता येते, गवत वाळून रान उघडे पडते. थंडीत शेकोटीवाचून रात्र निघत नाही आणि शेकोटीचा धूर लपत नाही. शिवाय रान माणसाला लपवते, पण त्याचे पोट भरत नाही. भाकरी गावातूनच यावी लागते. म्हणजे ती भाजणारी कोणी बाई असते, नेणारा कोणी पोरगा असतो, आणि त्याला जाताना पाहणारे चार डोळेही असतात. इतक्यांनी मुके राहायचे आणि तेही डोक्यावर बक्षीस लागलेले असताना! दस्ता इतके महिने टिकला तो या मुकेपणाच्या बळावर.

एका ठिकाणी ते मुकेपण फुटले. खबर हॉलपर्यंत गेली. २ जानेवारी १९४३, शनिवार. मार्गशीर्षाचा कृष्णपक्ष, अमावास्या चार दिवसांवर आलेली. पहाटेच्या आकाशात चंद्राची नुसती कोर. पोलिसांनी सिद्धगडच्या रानातल्या तळाला वेढा घातला. गोळीबारात मानिवलीच्या गोमाजी पाटलांचे चिरंजीव हिराजी पाटील आणि भाई कोतवाल ठार झाले. जखमी होऊन पडलेल्या भाईंना हॉलने जवळून गोळी घातली, असे कर्जत-मुरबाडकडे आजही सांगतात. भाईंना तिशी ओलांडून एक महिना झाला होता.

आता वाचकाने ठरवावे, यात गुन्हा कोणता? सरकारी दप्तराच्या मते मनोरे पाडणे हा गुन्हा, आणि त्या दिवशी त्याचा तपास पूर्ण झाला. मुलखाच्या मते गुन्हा त्या दिवशी घडला. सह्याद्रीला हा अनुभव नवा नव्हता. राघोजी भांगरे यांना इंग्रजी दप्तराने दरोडेखोर ठरविले, १८४८ च्या जानेवारीत पंढरपुरात पकडले आणि २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. आज त्याच राघोजींना आपण आद्य क्रांतिकारकांत गणतो. १८७१ च्या कायद्याने तर कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, आणि तो शिक्का कागदावरून पुसायला १९५२ साल उजाडावे लागले. दप्तरात जे लिहिले जाते ते लिहिणाऱ्याच्या बाजूचे असते, ही गोष्ट इतिहास शिकविणाऱ्या मास्तराने पहिल्याच तासाला सांगावी अशी आहे.

आणि खबर देणारा? रहस्यकथेची सवय लागलेले आपले मन लगेच त्याचे नाव मागते. वर्गातली मुलेही नेमका हाच प्रश्न विचारतात. या नावाबद्दल पुष्कळ बोलले जाते. मला ते येथे लिहायचे नाही. न्यायालयात ज्याची शहानिशा झाली नाही, ते नाव छापले तर त्याचा भार आज जिवंत असलेल्या नातवंडा-पतवंडांवर पडतो. स्वीडनमध्येही असाच पेच पडला होता. पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांचा २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री, ऐन थंडीत, स्टॉकहोमच्या रस्त्यावर खून झाला. चौतीस वर्षांच्या तपासानंतर २०२० साली सरकारी वकिलांनी एका मृत माणसाकडे बोट दाखवून प्रकरण मिटविले. मृताला बाजू मांडता येत नाही. देशाचे समाधान झाले नाही, आणि त्या घरावर मात्र डाग बसला.

मला विचाराल तर एका फितुराच्या नावापेक्षा न बोललेल्यांची आठवण अधिक मोलाची आहे. बक्षिसाची रक्कम ज्यांच्या झोपडीत कधी एकत्र दिसली नसती, अशी ती माणसे. उत्तरेकडच्या कादंबरीत गावाचे मौन हे पाप झाकण्यासाठी असते; सिद्धगडच्या वाड्यांनी ते माणसे वाचविण्यासाठी पाळले. त्यांची नावे ना पोलिसांच्या दप्तरात आली, ना सन्मानपत्रांवर.

सिद्धगडच्या रानात आता हुतात्म्यांचे स्मारक आहे. दरवर्षी २ जानेवारीच्या पहाटे तेथे माणसे जमतात. कर्जतची, मुरबाडची, माथेरानची. दिवाळीच्या सुट्टीत मुले घरी असतील तर त्यांना ही गोष्ट सांगा आणि जमल्यास जानेवारीत त्यांना तेथे घेऊन जा. घोंगडी मात्र बरोबर असू द्या; उजाडेपर्यंत तेथे फार गारठा असतो.