डॉट-एन्व्ह फाइल
वेब अ‍ॅप्लिकेशनला बाहेरून पुरवायच्या सेटिंग्ज, म्हणजे डेटाबेसचा पत्ता, एपीआय की, पोर्ट, पासवर्ड इत्यादी, नाव आणि मूल्य अशा जोड्यांत ओळीला एक याप्रमाणे लिहून ठेवण्याची साधी टेक्स्ट फाइल. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर एकच अ‍ॅप्लिकेशन कधी लोकल डेटाबेसशी, तर कधी टेस्टिंगच्या वा स्टेजिंगच्या सर्व्हरशी जोडून पाहावे लागते. अशा वेळी कोडला हात न लावता फक्त ही फाइल बदलतात.

फाइलमधल्या या जोड्या चालू प्रोग्रामला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून मिळतात. ही सोय युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) आली. सेटिंग कोडमध्ये न ठेवता अशा व्हेरिएबलमध्ये ठेवावी, हा आग्रह हेरोकू कंपनीचे अ‍ॅडम विगिन्स यांच्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप’ या नियमावलीने रुजवला. तिची कसोटी चोख आहे : एकही पासवर्ड न फुटता सगळा कोड या क्षणी जगापुढे खुला करता येईल का? मात्र ‘डेव्हलपमेंट’, ‘स्टेजिंग’ असे सेटिंग्जचे गठ्ठे बांधायला याच नियमावलीचा विरोध आहे, कारण प्रत्येक नव्या सर्व्हरबरोबर गठ्ठे वाढत जातात. रोजच्या कामात गठ्ठेच सोयीचे पडतात, म्हणून फ्रेमवर्कांनी तीच वाट धरली.

व्हीट या साधनात अशा गठ्ठ्याला मोड म्हणतात आणि डेव्ह सर्व्हर ‘डेव्हलपमेंट’ मोडमध्ये सुरू होतो. कमांडला ‘मोड स्टेजिंग’ हा पर्याय जोडला, की मूळ फाइल, तिची ‘लोकल’ जोडफाइल, स्टेजिंगची फाइल आणि तिची ‘लोकल’ जोडफाइल अशा चार फाइली वाचल्या जातात. एकच नाव दोन ठिकाणी असेल तर मोडची फाइल मूळ फाइलवर मात करते. ‘लोकल’ फाइली ज्याच्या त्याच्या मशीनपुरत्या असतात आणि गिटमध्ये जात नाहीत. ‘लोकल’ हे मोडचे नाव म्हणून व्हीट स्वीकारत नाही, कारण ते या जोडफाइलींच्या नावाशी गल्लत करते. नेक्स्ट-जेएस हे फ्रेमवर्क टेस्ट चालवताना सर्वसाधारण ‘लोकल’ फाइल मुद्दाम वगळते, म्हणजे टेस्टचा निकाल प्रत्येकाकडे सारखा येतो. नोडमध्ये २०.६ या आवृत्तीपासून (२०२३) वेगळे पॅकेज न घेताही फाइलचे नाव कमांडमध्येच देता येते.

या व्यवस्थेत सर्वांत जास्त गोंधळ अग्रक्रमाचा होतो. टर्मिनलमध्ये आधीच एक्स्पोर्ट केलेले व्हेरिएबल बहुतेक साधनांत फाइलपेक्षा वरचढ ठरते. फाइल बदलली, सर्व्हर पुन्हा सुरू केला, तरी अ‍ॅप्लिकेशन जुन्याच डेटाबेसशी बोलत राहते आणि माणूस तासन्‌तास कोड तपासत बसतो. तो डेटाबेस प्रॉडक्शनचा असेल आणि त्याच वेळी टेबले रिकामी करणारी टेस्ट चालली, तर खऱ्या ग्राहकांची माहिती पुसली जाते. त्यामुळे प्रॉडक्शनची फाइल लॅपटॉपवर असूच नये, आणि अ‍ॅप्लिकेशन सुरू होताच कोणता मोड व कोणता डेटाबेस होस्ट हे लॉगमध्ये छापले जावे. पासवर्ड मात्र छापू नये.

ब्राउझरसाठीच्या कोडला वेगळा नियम लागतो. व्हीटमध्ये ‘व्हीट’ हा उपसर्ग असलेली व्हेरिएबल्स बंडलमध्ये उतरतात आणि पान उघडणाऱ्या कुणालाही वाचता येतात. गुप्त कीला हा उपसर्ग कधीही देऊ नये.

प्रकल्पात नव्याने आलेल्यांसाठी नावे भरलेली, पण गुप्त मूल्ये रिकामी ठेवलेली ‘एक्झाम्पल’ फाइल गिटमध्ये ठेवतात. नवे व्हेरिएबल वापरणाऱ्या कमिटमध्येच तीही अद्ययावत करायची असते.