आवणीचे हात

शहापूर-मुरबाडकडे पाऊस स्थिरावला म्हणजे आवणी सुरू होते. दिवसभर चिखलात वाकून भाताची रोपे लावावयाची असतात. अशा वेळी पहाटे जिची मूठही वळत नाही, त्या बाईने काय करावे? दुपारपर्यंत ताठरपणा ओसरतो. म्हणून घरची माणसे तिलाच आळशी ठरवितात!

हे दुखणे नवे नव्हे. ‘माधवनिदान’ या प्राचीन वैद्यकग्रंथात आमवातावर स्वतंत्र प्रकरण असून, आजच्या सांधेवाताशी त्याचे पुष्कळ साम्य आहे. शरीराची संरक्षक शक्तीच येथे आपल्या सांध्यांवर उलटते, असे आजचे शास्त्र सांगते.

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी हालचाल खुंटलेल्या एका तरुण स्त्रीस कॉर्टिसोन टोचले, आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या संशोधनास मिळाले. परंतु दीर्घ सेवनाचे दुष्परिणामही लवकरच दिसून आले. पुढे आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे मेथोट्रेक्सेट हे मुख्य औषध ठरले.

आपल्याकडे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी घरोघर पाहणी केली. सुमारे दोनशे प्रौढांमागे एकास हा विकार आढळला. दुखते कोठे, एवढेच न विचारता कोणती कामे अडतात, हेही त्यांनी विचारले.

खरे माप तेच होय. हंडा उचलणे, मांडी घालून बसणे, आवणीला उतरणे, यांतच रोग्याचे जीवन असते. सांधे वाकडे होण्यापूर्वी औषध सुरू झाले, तर ते पुष्कळ अंशी टिकविता येते. म्हणून सकाळच्या त्या तक्रारीस आळस न म्हणता डॉक्टरांना दाखवावे, एवढीच विनंती.